कागदावरच्या बारा जणी

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा. तुम्ही जुबैलमधल्या एका मेन्टेनन्स कंत्राटदाराकडे हिशेबनीस आहात. सौदीकरणाचा, म्हणजे कंपनीत ठरावीक सौदी नागरिक ठेवण्याचा, आकडा गाठण्यासाठी मालकाने बारा सौदी बायकांची नावं पटावर घेतली आहेत. कागदावर प्रत्येकीचा पगार ४,००० रियाल. दर महिन्याला तुम्ही पगाराची फाइल 'मुदद' या पगाराच्या पोर्टलवर चढवता, खात्यांत पैसे जातात आणि आठवड्याभरात त्यातले निम्म्याहून जास्त रोख होऊन मालकाच्या टेबलावर परत येतात. यातली एकही बाई तुम्ही कधी पाहिलेली नाही. विचारलंत तेव्हा मालक म्हणाला, "आमच्याकडे बायकांना बाहेर पडायला आवडत नाही. घरबसल्या दीड हजार मिळतात, दुआ देतात. ही आमची रीत आहे, तुला नाही कळायची." आता तुम्ही विचारताय की परक्या देशात, परक्यांच्या रीतीत आपण तोंड घालावं का.

माझी ओळख सांगते, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी रत्नागिरीकडची. आमच्या खाडीपट्ट्यात घराआड एक माणूस कुवेत, बहारीन नाहीतर सौदीत. मी २००४ मध्ये नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, सौदीत खोबरला गेले, आधी एका शाळेच्या ऑफिसात आणि २०११ पासून एका केटरिंग कंपनीत पगाराच्या टेबलावर बसले. २०२२ मध्ये परत आले. मी एचआरवाली नव्हे. तिथे एचआरची बरीचशी पदं कायद्याने सौदी नागरिकांसाठीच राखीव आहेत, त्यामुळे नावाला एचआर एखादा सौदी असतो आणि प्रत्यक्षात फाइली तुमच्या-माझ्यासारख्यांच्या हातून फिरतात. म्हणूनच असले प्रश्न हिशेबनिसाच्या गळ्यात येतात.

पहिली गोष्ट: तुम्ही प्रश्न संस्कृतीचा म्हणून मांडलाय, कारण मालकाने तो तसा तुमच्या हातात दिला. मला त्यात संस्कृती फारशी दिसत नाही. आपल्याकडे रोजगार हमीच्या मस्टरवर बोगस नावं असायची, तेव्हा ती कुणाची संस्कृती होती? राखीव जागेवर निवडून आलेल्या सरपंचबाईंचा शिक्का नवऱ्याच्या खिशात असतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. नाव बाईचं, सही बाईची, कारभार दुसऱ्याचा. तुमच्या मालकाचं प्रकरण याच जातीचं आहे. फरक इतकाच की तिथे मधे अबाया आल्यामुळे आपण बाहेरचे लोक जरा बिचकतो आणि मालकाला ते चांगलं ठाऊक असतं.

मुळात हा प्रकार आला कुठून? २०११ मध्ये सौदीने निताकात आणली. कंपनीत सौदी किती, त्यावरून तिला हिरवा, लाल वगैरे रंग. रंग घसरला की व्हिसा बंद, इकाम्याच्या कामांत अडथळे. त्याच वेळी कंपन्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. सौदी पुरुष पटावर घेतला तर तो कुठेतरी दुसरीकडेही नोंदलेला निघतो, किंवा रोज दारात येऊन उभा राहतो. घरात बसलेल्या बाईचं नाव मात्र बिनबोभाट मिळतं. कुणाची बहीण, कुणाची मेहुणी, मंदूबच्या, म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणाऱ्या माणसाच्या, ओळखीतली कुणी विधवा. एकटीदुकटी नव्हे, गठ्ठ्याने. अरबीत याला 'तौतीन वहमी' म्हणतात, म्हणजे आभासी सौदीकरण. सरकारला हे माहीत आहे, वर्तमानपत्रांत त्यावर लिहून येतं, दंड होतात. तेव्हा "ही आमची रीत" हे मालकाचं म्हणणं त्याच्याच देशातले लोक मान्य करत नाहीत, हे आधी मनात पक्कं करा.

आता माझी गोष्ट सांगते, कारण मी हे उत्तर उंच आसनावरून देत नाहीये.

२०१२ सालची गोष्ट. तेव्हा आमच्या ऑफिसात बायकांचा विभाग वेगळा होता. मागच्या गल्लीतून दार, काचांना काळी फिल्म. ऑफिसबॉय फाइली आणायचा तो टकटक करून उंबऱ्यावर ठेवून जायचा. एके दिवशी दुपारच्या नमाजानंतर एक बाई आली. हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये दोन कागद. तिने हाफिझसाठी अर्ज केला होता. हाफिझ म्हणजे नोकरी शोधणाऱ्या सौदी तरुणांना सरकारकडून मिळणारा भत्ता, महिना २,००० रियाल, जास्तीत जास्त वर्षभर. २०११ च्या अखेरीस तो सुरू झाला आणि अर्ज करणाऱ्यांत बायकाच जास्त होत्या. हिचा भत्ता थांबला होता, कारण गोसीच्या, म्हणजे सामाजिक विम्याच्या सरकारी संस्थेच्या, नोंदीत ती नोकरीला लागलेली दिसत होती. आमच्या कंपनीत.

ती शांत होती. आवाज चढवला नाही. मला म्हणाली, "बहीण, एवढं सांग, मी तुमच्याकडे काय काम करते?"

मी यादी उघडली. नावासमोर पेशा लिहिला होता: मुहासिबा. हिशेबनीस. पगार १,५००. म्हणजे कागदावर ती माझ्याच खोलीत, माझ्याच बाजूच्या खुर्चीत आठ महिने बसत होती. यादी टाइप केली होती मीच.

तिच्या भावाने ओळखपत्राची झेरॉक्स मंदूबला दिली होती. त्याबद्दल त्याला काय मिळालं ते मला कधी कळलं नाही. तिला एक हलालासुद्धा मिळाला नव्हता. तेव्हा पगार बँकेतूनच द्यायची सक्तीही नव्हती, वेज प्रोटेक्शन २०१३ पासून टप्प्याटप्प्याने आलं. मी तिला सांगितलं, उद्या ये. मंदूबने नाव काढायला दोन महिने लावले आणि त्या दोन महिन्यांचा तिचा भत्ता गेला तो गेलाच. कंपनीने भरपाई दिली नाही, मी मागितलीही नाही. यादीतल्या बाकीच्या नावांच्या फाइली मी पुढे पाच महिने तशाच भरत राहिले, कारण मुलगा दहावीला होता. हे मुद्दाम सांगतेय. तुम्ही लगेच राजीनामा टाकला नाहीत म्हणून मी तुम्हाला नावं ठेवणार नाही.

पण त्या बाईमुळे मला एक सवय लागली. "बायका काम करत नाहीत" असं कुणी म्हणालं की मी तीन गोष्टी विचारते. नाव कुणी दिलं, खातं कुणाच्या हातात आहे, आणि काम नेमकं काय आहे. तुमच्या बारा जणींचं याच चाळणीतून काय होतं ते आधी बघा, कारण बाराही जणींचं प्रकरण सारखं असेलच असं नाही.

काहींना आपलं नाव वापरलं जातंय हेच माहीत नसेल. आता हे पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. 'किवा' या नोकरीच्या सरकारी पोर्टलवर करार चढला की कर्मचाऱ्याला स्वतः तो मान्य करावा लागतो. पण ज्या घरात बाईचं अबशेर, म्हणजे सरकारी सेवांचं ॲप, भावाच्या नाहीतर बापाच्या मोबाईलवर उघडतं, तिथे तो बटण दाबतो. ही सरळ चोरी आहे, यावर चर्चा करण्यासारखं काही नाही.

काहींना माहीत असेल आणि त्या खरंच खूश असतील. हे मान्य करायला मला बरीच वर्षं लागली. मी तिथे होते त्या काळात बाईने गाडी चालवायची नाही असा नियम होता, तो २४ जून २०१८ ला उठला. त्याआधी पगार ३,००० आणि ड्रायव्हरला महिना १,२०० ते १,५०० द्यायचे. मूल लहान असेल तर सांभाळणारी वेगळी. मग घरी बसून १,५०० मिळत असतील तर तिने हो का म्हणू नये? तिचा हिशेब चुकीचा नव्हता. चुकीचं हे होतं की कंपनीने तिला दुसरा हिशेब कधी दाखवलाच नाही. शिवाय यात तिचं एक नुकसान आहे जे तेव्हा दिसत नाही: नोंदीत तिला चार वर्षांचा अनुभव, प्रत्यक्षात शून्य. उद्या खऱ्या नोकरीच्या मुलाखतीला गेली की समोरचा विचारतो, तिथे काय केलंत?

आणि काही जणी खरंच घरून काम करत असतील. हसू नका. दूरस्थ कामाची रीतसर सोय सौदीच्या कायद्यात आणि सरकारी योजनांत आहे. बिलं तपासणं, निविदांचे अरबी कागद तयार करणं, हजेरी जुळवणं, ही कामं घरून होतात. बाई दिसत नाही म्हणजे ती बोगस, असं धरून चालणं हाही अन्यायच. तिने गेल्या महिन्यात केलेलं एक काम दाखवा म्हणावं. एक ईमेल, एक तक्ता, काहीही.

आता आकड्यांकडे येऊ, कारण मालकाशी बोलायची भाषा तीच आहे. ४,००० हा आकडा उगाच नाही. २०२१ पासून सौदी कर्मचारी निताकातमध्ये पूर्ण एक धरायचा तर त्याचा पगार किमान ४,००० लागतो, ३,००० ते ४,००० असेल तर अर्धा धरतात. समजा हे ४,००० मूळ पगार अधिक घरभाडं आहेत. गोसीसाठी कर्मचाऱ्याचा वाटा पावणेदहा टक्के, म्हणजे ३९०. मालकाचा पावणेबारा टक्के, म्हणजे ४७०. नव्याने नोंदणी झालेल्यांना जुलै २०२४ पासून वेगळी पद्धत लागू आहे, त्यात थोडा फरक पडेल, पण अंदाजाला हे पुरे. तिच्या खात्यात ३,६१० जातात. ती १,५०० ठेवते, २,११० परत येतात. मालकाचा खरा खर्च दर बाईमागे २,३६०. तीच बाई खरी कामाला आली तर खर्च ४,४७०. म्हणजे सगळा खटाटोप बाईमागे २,११० वाचवण्यासाठी, बारा जणींचे मिळून महिन्याला २५,३२०.

आता तुम्ही हिशेबनीस आहात म्हणून एक प्रश्न. ते २५,३२० रियाल तुमच्या रोजमेळात कुठे दिसतात?

दिसत नसणार. पुस्तकात पगाराचा खर्च पूर्ण चार हजारांनी पडतोय आणि परत आलेली रोकड कुठेच नाही. वर्षाला तीन लाखांवर रोकड. म्हणजे खोटं फक्त मजूर मंत्रालयापुढे नाही, तुमच्या ताळेबंदात आहे, ऑडिटरपुढे आहे, जकात-कराच्या विवरणात आहे. बायकांच्या हक्कांबद्दल तुम्हाला काहीच वाटत नसतं, तरीही हे तुमच्या धंद्याच्या धर्मात बसत नाही. मालकाशी बोलताना मी इथूनच सुरुवात केली असती, कारण हा विषय शंभर टक्के तुमच्या टेबलाचा आहे आणि त्यावर तो "तुला आमची रीत कळत नाही" म्हणू शकत नाही.

धर्माचा मुद्दा तुम्ही विचारला नाहीत, पण तो निघेल. मालक लोकांना एक हदीस फार आवडते, मजुराचा घाम सुकायच्या आत त्याची मजुरी द्या, ही. भिंतीवर चौकटीत लावलेली असते. मी मुसलमान घरातली, त्यामुळे मला माहीत होतं की याच परंपरेत पैगंबरांच्या पत्नी हजरत खदीजा या स्वतः व्यापारी होत्या आणि पैगंबरांनी त्यांचा माल घेऊन शामला, म्हणजे सीरियाकडे, व्यापार केला होता. कुराणातल्या सूरह निसामध्ये स्पष्ट आहे की पुरुषांनी कमावलं त्यात त्यांचा वाटा आणि बायकांनी कमावलं त्यात त्यांचा. शरियतनुसार बायकोच्या कमाईवर नवऱ्याचा हक्क नाही, उलट घर चालवण्याची जबाबदारी त्याची. जेद्दाच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये उद्योजक बायकांसाठी केंद्र काढलं तेव्हा त्याला खदीजा बिंत खुवैलिद यांचंच नाव दिलं. हे सगळं खरं असलं तरी तुम्ही मालकाला त्याचाच धर्म शिकवायला जाऊ नका. तुमच्या तोंडी ते शोभणार नाही, आणि माझ्याही तोंडून अठरा वर्षांत दोनदाच निघालं, दोन्ही वेळा वयस्कर मालकापुढे, खाली मान घालून. एकदा उपयोग झाला. दुसऱ्यांदा त्याने चहा मागवला आणि विषय बदलला.

'अरब समाज' असा सरसकट शब्द तुम्ही वापरलाय, त्यावर थोडं. रियाध, दुबई आणि अम्मान यांत फार फरक आहे. अमिरातीत स्थानिकांना नोकऱ्या देण्याची सक्ती आल्यावर बोगस नेमणुकीला जबर दंड ठेवला आहे. जॉर्डनमध्येही हाच खेळ दुसऱ्या रूपात झाला. खाजगी शाळांतल्या शिक्षिका किमान वेतनाच्या पावतीवर सही करायच्या आणि हातात त्याहून कमी घ्यायच्या. २०१५ मध्ये त्यांनी इर्बिद शहरातून 'कुम मअ अल-मुअल्लिम' म्हणजे 'शिक्षकासोबत उभे राहा' ही मोहीम उभारली आणि पगार बँकेतून द्या ही मागणी लावून धरली. ती मान्य झाल्यावरही काही शाळांनी शिक्षिकांची एटीएम कार्डंच काढून घेतल्याच्या तक्रारी आल्या. तुमच्या मालकाच्या कपाटात बारा कार्डं आहेत का, एकदा नजर टाका. असतील तर दुसऱ्या पुराव्याची गरज नाही.

मोहीम करणाऱ्या त्या शिक्षिकाही अरबच होत्या, हे सांगायला हवं. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं अरब बाई गप्प असते. माझा अनुभव उलटा आहे. तिला विचारलं जात नाही, विचारलं की ती थांबत नाही.

"बायका येत नाहीत" याचंही माझ्यापुरतं उत्तर देते. २०१४ मध्ये आमच्या कंपनीने हुफुफला खजूर पॅकिंगचं युनिट काढलं. व्यवस्थापकाचं म्हणणं तेच, बायका येणार नाहीत. मी आणि तिथली एक सौदी मुलगी, आम्ही दोघींनी मिळून त्याला व्हॅन लावायला सांगितलं. सकाळी घरातून उचलायची, तीनला परत. ड्रायव्हर वयस्कर, सोबत एक बाई. नऊ जणी आल्या. वर्षाअखेर सात टिकल्या. उरलेल्या दोघींपैकी एक लग्न होऊन रियाधला गेली आणि एकीला बँकेत जागा मिळाली, म्हणजे तोही तोटा नव्हे. व्हॅनचा खर्च नऊ ठिकाणी वाटला तर तो प्रत्येकीने वेगळा ड्रायव्हर ठेवण्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही नव्हता.

त्या युनिटात काय काय निघालं ते ऐकण्यासारखं आहे. पहिल्याच महिन्यात सुपरवायझरने खुर्च्या काढून टाकल्या, बसून हात मंद चालतात म्हणून. सौदी मजूर कायद्याच्या कलम १५८ मध्ये साफ लिहिलंय की बायका जिथे काम करतात तिथे त्यांना बसायला आसन द्यायलाच हवं. मी ते कलम छापून नोटीस बोर्डावर लावलं. भांडण नाही, चिठ्ठी नाही. चार दिवसांनी खुर्च्या परत आल्या. मग वलीच्या, म्हणजे पालक पुरुषाच्या, पत्राचा प्रश्न. आमच्या अर्जात एक रकाना होता, वडील, भाऊ किंवा नवऱ्याची लेखी परवानगी. चाळिशीतली एक घटस्फोटित बाई आली, पाच वर्षं एकटीने घर चालवणारी. तिने आणलेल्या परवानगीच्या पत्रावर सही होती तिच्या एकोणीस वर्षांच्या मुलाची. मला त्या पोराची वळणदार सही अजून आठवते. नोकरीसाठी असं पत्र मजूर कायदा मागत नव्हता. मी मुदीरला, म्हणजे व्यवस्थापकाला, विचारलं, कलम कोणतं? त्याला सांगता आलं नाही, पण रकाना तसाच राहिला. २०१७ मध्ये राजे सलमान यांनी सरकारी खात्यांना सांगितलं की कायद्यात आधार नसेल तिथे वलीची परवानगी मागू नका, तेव्हा कुठे आमच्या मुदीरनेही तो रकाना खोडला. कायद्यात नसलेली सक्ती संस्कृतीच्या नावाने कशी चालते, याचं याहून साधं उदाहरण माझ्याकडे नाही.

त्यानंतर बदल भराभर झाले. २०१८ मध्ये छळविरोधी कायदा आला, गंभीर प्रकारांत पाच वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाख रियालपर्यंत दंड. २०१९ मध्ये एकवीस वर्षांवरच्या बाईला वलीशिवाय पासपोर्ट मिळू लागला आणि मजूर कायद्यात स्त्री-पुरुष भेदाला मनाई आली, गरोदरपणात आणि बाळंतपणाच्या रजेवर असताना कामावरून काढण्यालाही. २०१६ मध्ये व्हिजन २०३० हा सौदीचा विकास आराखडा जाहीर झाला तेव्हा बायकांचा कामातला सहभाग २२ टक्क्यांवरून ३० वर न्यायचं ठरलं होतं, आज तो पस्तीसच्या आसपास आहे. यातल्या किती जणी खऱ्या खुर्चीवर आणि किती कागदावर, हा प्रश्न मी स्वतःला विचारते. पण दम्मामच्या मॉलमध्ये, हॉस्पिटलच्या काउंटरवर, कारखान्याच्या गेटवर मी त्यांना डोळ्यांनी पाहिलंय. २०११ मध्ये तिथे त्या क्वचितच दिसायच्या. तेव्हा "आमच्या बायका बाहेर पडत नाहीत" हे तुमच्या मालकाचं वाक्य निदान दहा वर्षं जुनं झालंय.

आता तुम्ही काय करावं. हे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती मला पूर्ण माहीत नाही. करारावर एक वर्ष झालंय का? मुलं तिथल्या शाळेत आहेत का? गावी कर्ज आहे का? वर्ष पूर्ण झालं असेल तर मार्च २०२१ पासूनच्या नियमांनुसार रीतसर नोटीस देऊन मालकाच्या संमतीशिवाय किवावरून दुसरीकडे बदली करता येते. घरकामगार, घरचे ड्रायव्हर यांना ते लागू नाही, तुम्हाला आहे. वर्ष झालं नसेल तर तोंड सांभाळून, पण हात थोडा आखडता.

मालकाशी एकट्याने, बंद दाराआड, एकदा बोला. चोरी, खोटं हे शब्द नकोत. म्हणा की ही रोकड पुस्तकात बसत नाही, ऑडिटमध्ये अडकेल, तपासणी झाली तर दंड डोईमागे लागतो आणि कंपनीची सगळी कामं थांबतात. मग पर्याय ठेवा. बाराच्या बारा जागा एकदम खऱ्या होणार नाहीत. पण मेन्टेनन्स कंत्राटात टाइमकीपिंग, खरेदी, स्टोअरचे कागद, परमिटची नोंद, कॅन्टीनचं बिलिंग ही कामं आहेतच, आणि ती आज तुम्ही तिघे-चौघे ओव्हरटाइम करून उरकता. त्यातून चार जागा काढता येतील. सौदी कर्मचाऱ्याच्या पगाराचा काही भाग सुरुवातीला सरकारी निधीतून, हदफकडून, मिळू शकतो. नोकरदार बायकांच्या प्रवासासाठी आणि मुलांच्या पाळणाघरासाठीही योजना आहेत. ते २,११० यातून बरेचसे भरून निघतात. अटी बदलत असतात, म्हणून ताजा नियम किवावर बघूनच आकडा मांडा.

बोलणं झाल्यावर त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल पाठवा: आज बोलल्याप्रमाणे अमुक कर्मचाऱ्यांच्या हजेरीचा आणि कामाचा कागद मिळाल्याशिवाय मला पगार पडताळता येत नाही. इतकंच. फाइल ज्या लॉगिनने चढते ते तुमच्या नावाचं आहे का, हेही बघा. दुसऱ्याच्या अबशेरवर ओटीपी मागून तुम्ही फाइल चढवत असाल तर ते आधी बंद करा. आणि त्या बायकांच्या ओळखपत्रांच्या प्रती पुरावा म्हणून स्वतःच्या मोबाईलमध्ये साठवू नका. वैयक्तिक माहितीचा कायदा आता तिथे कडक आहे, शिवाय ज्यांचे कागद एकाने न विचारता वापरले त्यांचेच तुम्हीही न विचारता ठेवणार, हे बरं नाही.

मंत्रालयाचा १९९११ हा नंबर तुम्हाला ठाऊक असेल. तक्रार करा किंवा करू नका, हे मी इथून सांगणार नाही. माझ्या वेळी मी केली नव्हती. करायचीच तर आधी बदली झालेली असू द्या, पगार आणि ग्रॅच्युइटी हातात असू द्या. मालकाने गैरहजर असल्याचा रिपोर्ट टाकला तर तो निस्तरण्यात तुमचे महिने जातात.

यातलं काहीच लगेच जमणार नसेल तर या महिन्याची फाइल चढवायच्या आधी एवढं करा. यादीतल्या एका बाईच्या नावापुढच्या नंबरवर ऑफिसच्या फोनवरून, तुमच्याकडच्या सौदी सहकाऱ्याकरवी फोन लावा. म्हणा, पगाराचा पत्ता तपासतोय. फोन कोण उचलतं ते ऐका. बाईने उचलला तर तिला कंपनीचं नाव सांगा आणि गप्प बसा, ती काय विचारते ते ऐकून घ्या.